अण्णांच्या फोटोवरचं फडकं

उद्यमनगरातली अण्णांची जुनी मंडळी, आमच्या गल्लीतले सगळे, आजऱ्याहून आलेल्या अक्काआत्या, आणि ज्यांची मला ओळख नाही पण अण्णांना ओळखतात असे तुम्ही सगळे. तुम्ही आलात. दारात उभं राहून तुम्हाला नीट 'या' म्हणायलासुद्धा आमच्या घरातलं कुणी नव्हतं. ते मनावर घेऊ नका.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. शाळेच्या फाटकाशी गेली की जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती मी. इथे बसलेल्या निम्म्यांना ते माहीत आहे. म्हणून लिहून आणलं आहे. हातातला कागद हलताना दिसला तर पंख्याचा वारा समजा.

सुरुवात या फडक्यापासून करते. तुम्ही आल्यापासून एकेक जण विचारतोय. टेबलावर अण्णांचा फोटो आहे, त्याच्यापुढे फुलं आहेत, आणि फोटोवर पांढरं फडकं. कुणीतरी ते काढायलाही गेलं. माझी आई धावत आली आणि तिनं त्यांचा हात धरला. त्यांना वाईट वाटलं असेल. शोकसभेत माणसाचा चेहरा झाकून ठेवतात का? समईसुद्धा आम्ही फोटोपासून लांब, त्या कोपऱ्यात ठेवली आहे. एक आजी हळूच म्हणाल्या, कसली रीत म्हणायची ही.

आजी, ही अण्णांची रीत आहे. ते फडकं का आहे, तेवढंच आज मला सांगायचं आहे. त्यात माझ्या बाबांची एक गोष्ट येते. ती सांगू का, असं मी काल बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सांग. लपवून एकदा बघितलंय." बाबा इथे पुढेच बसलेत. माझं काही चुकलं तर ते मला थांबवतील.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. बाबांचे मोठे भाऊ. उद्यमनगरात त्यांचं नकाशांच्या प्रती काढायचं दुकान होतं, हे इथे सांगायला नको. फौंड्रीवाले, पॅटर्नवाले, बांधकामवाले, सगळे ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे यायचे. माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या आसपास, दुकानात अमोनियाचं मशीन होतं. त्याचा वास अण्णांच्या सदऱ्याला कायम असायचा. पण तरुणपणी ते काम शिकले ते जुन्या पद्धतीनं, उन्हात. काचेच्या चौकटीत कागद दाबायचा, उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा, की निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. दुकानातून ती पद्धत गेली तरी आमच्या गच्चीवरून गेली नाही. गच्चीवर ते स्वतःसाठी करायचे.

आणि नंतर माझ्यासाठी.

मला शाळेत घातलं तेव्हा मी फाटकाशी जाऊन ओकायची. मार नव्हता, काही नव्हतं. नुसती भीती. आईबाबांनी सगळं करून बघितलं. शेवटी अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की घरात. मी शिकवतो. अक्षरं काय शाळंतच उगवत्यात व्हय?" मी थेट पाचवीला शाळेत गेले. तोपर्यंतची माझी शाळा म्हणजे आमची गच्ची.

अण्णा दोन पुड्या आणायचे. एक हिरवी, एक तांबडी. दोन्हीत लोखंड असायचं. लोखंड म्हणजे काळं, जड, बाबांच्या फौंड्रीतलं, एवढंच मला ठाऊक. हिरवं लोखंड आणि तांबडं लोखंड बघून मी चक्रावून गेले होते. दोन्ही पाण्यात कालवलं की पिवळसर हिरवं पाणी व्हायचं. ते न्हाणीघरात दार लावून, अंधारात, कागदाला ब्रशनं लावायचं. कागद वाळला की त्यावर अण्णा काळ्या कागदातून कापलेलं अक्षर ठेवायचे. क. ख. ग. वर काच. मग गच्चीवर, उन्हात.

ऊन लागलं की कागद आधी हिरवट व्हायचा, मग राखाडी. मग घमेल्यातल्या पाण्यात बुडवला की त्या राखाडीतून निळा रंग वर यायचा, आणि अक्षराची सावली होती तिथे लख्ख पांढरा 'क'. माझी बाराखडी अशी निळी होती. आंब्याचं पान, किल्ली, आईची बांगडी, माझा स्वतःचा पंजा, सगळं आम्ही उतरवलं.

पण मला धीर नव्हता. कागद उन्हात ठेवला की मी सारखी विचारायची, झालं का, झालं का. आणि काच उचलून बघायची. काच उचलली की आतलं अक्षर थोडं सरकायचं आणि त्याच्या कडा फुटायच्या. अण्णा रागवायचे नाहीत. तो फुटका 'क' भिंतीला लावायचे आणि म्हणायचे, "हे बघ. हितं तू भ्यालीस." मी परत विचारलं, झालं का, तर त्यांचं एकच उत्तर असायचं. "तू बघ आन सांग. पर उचलू नगंस."

एक गोष्ट मात्र आम्ही कधी केली नाही. माणसाचं चित्र. मी एकदा म्हटलं, अण्णा, माझं काढा की. अण्णा ब्रश धूत होते. ते म्हणाले, "माणसाचं नको." पुढे मी मोठी होईपर्यंत त्यांनी एकाही माणसाचा चेहरा निळ्यात उतरवला नाही. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

ते कारण म्हणजे गिरिजाकाकू.

काकू गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला ती आठवत नाही. आठवते असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला फक्त एक आवाज आठवतो. अण्णा दुकानाला निघाले की उंबऱ्यातून 'शरणु' म्हणायचे, आणि आतून, चुलीपाशी असेल बहुतेक, कुणीतरी 'शरणार्थी' म्हणायचं. आमच्याकडे निघताना एकानं शरणु म्हणायचं आणि दुसऱ्यानं शरणार्थी, अशी पद्धत आहे. काकू गेल्यावरही अण्णा निघताना शरणु म्हणायचे. आतून कुणी उत्तर द्यायचं नाही. आईला वाटायचं, ते उत्तर आपण देणं बरं नव्हे.

काकूला फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. लग्नातल्या फोटोत तिची मान खाली आहे, नुसता पदर दिसतो. चेहरा दिसेल असा तिचा एकच फोटो होता. गगनबावड्याला गेले होते दोघं, तिथे घाटाच्या तोंडाशी कुणा ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं काढलेला. वाऱ्यानं पदर उडालाय, हातात मक्याचं कणीस आहे, डोळे बारीक करून ती हसतेय. अण्णांनी त्याची मोठी फिल्म, म्हणजे कागदाच्या मापाची निगेटिव्ह, करून घेतली आणि गच्चीवर, आपल्या हातानं, ती निळ्यात उतरवली. तो फोटो आणि ती फिल्म, दोन्ही पुढे दुकानाच्या गळतीत खराब झाली. राहिला तो निळा कागद. काच लावून माजघरातल्या आतल्या भिंतीवर टांगलेला.

काकू गेल्यावर अण्णांना घरात राहवेना. ते आजऱ्याला अक्काआत्यांकडे जाऊन राहिले. पावसाळा तिकडेच काढला. इकडे बाबांच्या मनात आलं, वहिनी अशी अंधाऱ्या भिंतीवर कशाला? अण्णा येईल तेव्हा दारातून आल्याबरोबर तिचं तोंड दिसलं पाहिजे. त्यांनी तो फोटो काढून बाहेरच्या खोलीत लावला, पूर्वेच्या खिडकीसमोर. हार घातला. घराला चुना लावून घेतला. सगळं मायेनं केलं. आपल्यातल्या कुणीही तेच केलं असतं. गेलेल्या माणसाला आपण उजेडातच ठेवतो की.

त्या फोटोचा रंग उडत गेला. एका दिवसात गेला असता तर लक्षात आलं असतं. रोज थोडा थोडा जात राहिला, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. पावसाळा सरला, ऊन कडक पडायला लागलं, आणि एका सकाळी हार बदलताना बाबांनी बघितलं तर काचेमागे जवळजवळ कोरा कागद. कणीस नाही, पदर नाही. त्यांनी मला हे सांगताना वापरलेले शब्द मी तसेच सांगते. "कुणी उभंच न्हवतं तिथं."

बाबांनी तो फोटो जुन्या मासिकाच्या कागदात गुंडाळला, लोखंडी पेटीत घातला, पेटी माळ्यावर टाकली. अण्णा परत आले. बाबांनी त्यांना सांगितलं की चुना लावताना फोटो पडला, काच फुटली, कागद चुन्यात भिजला, मग पंचगंगेत सोडला.

अण्णा म्हणाले, "बरं."

एवढंच. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आमच्या घरात मोठमोठ्यानं भांडायची पद्धत आहे. चहात साखर कमी पडली तरी गल्लीला कळतं. हे भांडण मात्र कधी झालंच नाही, आणि म्हणून ते मिटलंही नाही. बाबा अण्णांच्या ताटासमोर बसायचे, मान खाली घालून जेवायचे. मला वाटायचं, धाकटे भाऊ असेच जेवत असतील.

मग काळ गेला. अमोनियाचं मशीन गेलं, कॉम्प्युटर आले, लांबलचक कागद भसाभस छापून बाहेर पडायला लागले. अण्णांनी दुकान बंद केलं. मी केमिस्ट्री घेतली. दुसरं काय घेणार? एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आता मुलांना प्रॅक्टिकल शिकवते. आणि मग अण्णा आजारी पडले.

आजारपण तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातले कितीतरी जण भेटून गेलात. त्यातली एकच संध्याकाळ सांगते. मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते, बाबा औषधं लावून ठेवत होते. अण्णा छताकडे बघत म्हणाले,

"आता तिचं तोंड आठवत न्हाय गं. आठवाया गेलं की नाक येतंय, कानातलं येतंय. डोळं येत न्हाईत."

बाबांच्या हातातली बाटली खाली पडली.

त्या दिवशी दवाखान्याच्या चहाच्या गाड्यापाशी उभं राहून बाबांनी मला सगळं सांगितलं. ऊन, खिडकी, चुना, पेटी. मी त्यांना इतकं थकलेलं कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, तिचे डोळे त्याला आठवत नाहीत ते माझ्यामुळे.

आता मला जरा शिकवायचं बोलावं लागेल. थोडंच बोलते.

हिरव्या पुडीतल्या लोखंडाला उन्हामुळे एक इलेक्ट्रॉन मिळतो. ते लोखंड तांबड्या पुडीतल्या लोखंडाशी जुळलं की निळा रंग होतो. पण ऊन तिथे थांबत नाही. तो निळा कागद उन्हात टांगला तर ऊन त्या लोखंडाला आणखी देत राहतं, आणि असं मिळता मिळता निळ्याचा पांढरा होतो. रंग गेला असं आपण म्हणतो. लोखंड कुठेही गेलेलं नसतं. ते कागदातच असतं, फक्त दिसत नाही. तो कागद उन्हातून काढून अंधारात ठेवला, की हवा, नुसती साधी हवा, उन्हानं दिलेलं हळूहळू काढून घेते. आणि पांढऱ्याचा पुन्हा निळा होतो.

हे मला ठाऊक होतं. पुस्तकातून ठाऊक होतं, आणि हॉस्टेलच्या माझ्या खिडकीत लावलेलं पिंपळाचं निळं पान उडालं होतं, ते कपाटात ठेवल्यावर परत आलं होतं, म्हणूनही. पण पिंपळाचं पान आणि गिरिजाकाकू एक नव्हे. पान थोड्या दिवसांचं होतं. हा कागद माळ्यावर किती वर्षं, कुठल्या ओलीत, कुठल्या उकाड्यात. वर चुन्याचा धोका. निळ्याला चुना लागला की तो मोडतो, गंजासारखा तांबूस होतो, आणि तो परत येत नाही. साबण नको, सोडा नको, चुना नको, हे अण्णांनी मला अआइईच्या आधी शिकवलं होतं.

म्हणून मी बाबांना म्हटलं, "येईल" असं मी म्हणणार नाही. "आला असेल" इतकंच म्हणेन.

बाबांचे डोळे एकदम चमकले. ते म्हणाले, मग असं करू. आपण दोघं घरी जाऊ, पेटी उघडू, आधी बघू. आला असला तर नेऊन दाखवू. नसला तर...

नसला तर काय, ते बोलले नाहीत. नसला तर पेटी परत माळ्यावर.

मला काय वाटलं सांगू? मलाही तेच वाटलं. मी तर जन्मभर काच उचलून बघत आलेली. आधी खात्री करायची, मग तोंड उघडायचं, हा माझा स्वभाव. पण तिथे गाड्यापाशी उभी असताना मला तो भिंतीवरचा फुटका 'क' दिसला. मी बाबांना म्हटलं, पेटी उघडू नका. आधी अण्णांना सांगा. आत निळं असो, पांढरं असो, तुम्ही सांगायचं ते एकच आहे.

बाबा चिडले. मला म्हणाले, "तुला काय जातंय बोलाया?" खरं होतं. माझं काही जाणार नव्हतं. ते चहा तसाच टाकून निघून गेले, आणि तीन-चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग अण्णांना घरी आणलं. एका दुपारी बाबांनी स्वतःच ती पेटी माळ्यावरून उतरवली, उघडली नाही, तशीच अण्णांच्या खाटेशी आणून ठेवली, आणि खाली फरशीवर बसले. मी आणि आई दारात होतो. बाबा म्हणाले,

"अण्णा, वैनीचा फोटो मी नदीत सोडला न्हवता. उजेडात लावला मी. उडाला. कोरा झाला. ह्यात हाय."

मला वाटलं, मी बाबांकडून हे करवून घेतलं ते चुकलं. मग अण्णा कुशीवर वळले.

"पेटीत हाय?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच."

"मधी उघडली न्हाईस? एकदाबी?"

"कुठल्या तोंडानं उघडू?"

अण्णा हसायला लागले. त्यांना हसू सोसत नव्हतं, खोकला आला, आई पाणी घेऊन धावली. पाणी बाजूला सारून ते म्हणाले,

"येड्या, जन्मात एक काम नीट केलंस, त्येबी चुकून. उघड की आता."

बाबांना कडी निघेना. ती गंजून धरली होती. शेवटी मी तेल सोडून ती काढली. आत कागदाचं गुंडाळं होतं. ते सोडवायला बाबांचे हात चालेनात. अण्णांनी ते मांडीवर घेतलं आणि स्वतः सोडवलं.

ती होती.

मी जे बघितलं तेवढंच सांगते, वाढवून सांगत नाही. निळा अगदी पहिल्यासारखा होता की नाही, ते मला ठाऊक नाही, पहिला मी बघितलेलाच नाही. आकाशाच्या बाजूला थोडा फिका होता. पण पदर होता, कणीस होतं, आणि बारीक केलेले डोळे होते. मी काकूला पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी. खांद्याशी, काचेच्या कडेतून आत झिरपलेले, चुन्याचे दोन थेंब पडले होते, तिथे कागद तांबूस झाला होता. अण्णांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्यो चुना. ह्ये न्हाय यायचं परत." मग बोट उचललं. "बाकी आली."

बाबा रडत होते. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. अण्णा त्यांना म्हणाले, अरे, तू त्या वेळी सांगितलं असतंस तर मीच म्हणालो असतो, पेटीत ठेव.

आता एक सांगते, ते मला आजच कळलं. सकाळी दाराशी गडमुडशिंगीचे एक काका भेटले. ते तिकडे मागे बसलेत. त्यांची फौंड्री आहे. ते म्हणाले, अमोनियाचं मशीन यायच्या आधी एकदा ते रंग उडालेलं निळं ड्रॉइंग घेऊन अण्णांच्या दुकानात भांडायला आले होते. कसला रंग लावता म्हणून ओरडले. अण्णा शांतपणे म्हणाले, "पावणं, कारखान्याच्या दारात टांगलं असंल तुम्ही. महिनाभर कपाटात घालून ठेवा. न्हाय आलं तर नवं काढून देतो." आणि ते आलं. काका म्हणाले, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की हे. उद्यमनगरात कुणालाही विचारायचं.

सगळ्या उद्यमनगराला ठाऊक होतं. आमच्या घराला तेवढं ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात कुणी विचारलंच नाही. बाबांनी अण्णांना विचारलं नाही, अण्णांनी बाबांना विचारलं नाही. एका भावाला वाटत होतं, ती नदीत गेली. दुसऱ्याला वाटत होतं, ती कोरी झाली. आणि ती त्या दोघांच्या डोक्यावर, माळ्यावर, हळूहळू परत येत होती.

त्यानंतर अण्णा जेवढे दिवस होते, तेवढे दिवस बाबा रोज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पेटी उघडायचे. अण्णांच्या मांडीवर फोटो द्यायचे. दोघं भाऊ काहीबाही बोलत बसायचे. मग बाबा तो गुंडाळून परत ठेवायचे. जेवताना बाबा मान वर करून जेवायला लागले. आई म्हणाली, आता चहातल्या साखरेवरून भांडतात, बरं वाटतं ऐकायला.

एक दिवस अण्णा मला म्हणाले, "आता माझंबी काढ. तिच्या मापाचं."

माणसाचं नको म्हणणारे अण्णा. मी फोटो काढणाऱ्याला घरी बोलावलं, खुर्चीत बसवून त्यांचा फोटो काढून घेतला आणि त्याची फिल्म करून आणली. हिरवं आणि तांबडं कालवलं. कागद मी न्हाणीघरात तयार केला. बाबांनी अण्णांना उचलून गच्चीवर आणलं आणि खुर्चीत बसवलं. मी चौकट उन्हात ठेवली. फिल्म परत मिळाली असती, कागद परत करता आला असता, पण अण्णांना परत गच्चीवर आणता येईल याची खात्री नव्हती. मी विचारलं, "अण्णा, झालं का?"

"तू बघ आन सांग," अण्णा म्हणाले.

मी काच उचलली नाही. कडेचा रंग बघत बसले. आणि मग मी सांगितलं, झालं.

पाण्यातून काढल्यावर तो थोडा फिका वाटला. अण्णा म्हणाले, थांब, हवा लागू दे. दुसऱ्या दिवशी तो गडद झाला होता. अण्णांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "पार नीळकंठ झालोय की मी." मग म्हणाले की, मी गेल्यावर हा उजेडात टांगून हार घालाल, तर बघा. दोघांना एकाच पेटीत ठेवा.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

तर आजी, ती ही रीत. या फडक्याखाली तो फोटो आहे. तुम्ही त्यांना शेवटचं बघायला आलात, आणि मी त्यांना झाकून ठेवलं, त्याबद्दल मला क्षमा करा. आता आपण त्यांना बघू. खिडकीशी बसलेल्यांनी जरा खिडक्या लावून घ्या. आणि कुणीतरी ती ट्यूब बंद करा. समई आहे, तेवढी पुरे.

मी फडकं काढते आहे.

हे अण्णा. खुर्चीत बसलेले, डोळे बारीक केलेले. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं होतं, डोळे उघडे ठेवा. अण्णांनी ऐकलं नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं, ते का तसे बसले. तुमच्यातल्या कुणी काकूला बघितलं असेल तर तुम्हाला कळेल.

आपण उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका, त्यांच्याकडे नुसतं बघा. माझं लक्ष तुमच्याकडे असेल. पुरेसं झालं असं वाटलं की मी सांगेन. मग मी फडकं परत घालेन, आणि बाबा त्यांना घेऊन घरी जातील. पेटी उघडी ठेवून आलोय आम्ही.

निघताना अण्णा उंबऱ्यातून म्हणायचे, ते आज मी म्हणते.

शरणु, अण्णा.

उत्तर कुणी देऊ नका. ते द्यायला आता काकू आहे.